रस्त्यावरील छायाचित्रें : छंद कीं चोरी ?

सुट्टीच्या दिवशीं सकाळीं हातांत कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन गांवच्या रस्त्यांवरून हिंडावें, आणि भाजीबाजार, बसचा थांबा, चहाची टपरी, देवळाची पायरी येथें जें सहज दृष्टीस पडेल तें टिपून घ्यावें, हा छंद अलीकडे विद्यार्थ्यांत बराच पसरला आहे. ओळखीच्या माणसांस समोर उभें करून काढिलेलीं हीं चित्रें नव्हत. परक्या माणसांचीं, बहुधा त्यांस न सांगतां, त्यांच्या रोजच्या व्यवहारांत काढिलेलीं हीं चित्रें असतात. कांहीं पालकांस हा अभ्यासाचा वेळ फुकट घालविण्याचा एक नवा मार्ग वाटतो. दुसरे कांहीं पालक याहून गंभीर आक्षेप घेतात. ते म्हणतात, परक्याच्या घरांत न विचारतां शिरूं नये असें आपण मुलांस शिकवितों; मग परक्याचा चेहरा न विचारतां उचलावा, हें कसें चालतें ? पहिल्या आक्षेपाचें उत्तर सोपें आहे. दुसऱ्याचें तितकें सोपें नाहीं. तें उत्तर मला मंडईंतल्या एका हमालाकडून, बऱ्याच शरमेनें, शिकावें लागलें. म्हणूनच हा लेख लिहिण्यास मी प्रवृत्त झालों आहें.

आधीं या छंदाचा पूर्वेतिहास थोडक्यांत पाहूं. इ. स. १८३८ सालीं पॅरिस शहरांत लुई दागेर या गृहस्थानें आपल्या उंच खिडकींतून खालच्या रहदारीच्या रस्त्याचें एक चित्र घेतलें. त्या वेळच्या तांब्याच्या रुपेरी पत्र्यावर चित्र उमटण्यास कित्येक मिनिटें लागत. त्यामुळें धांवत्या घोडागाड्या, चालणारे स्त्रीपुरुष, यांपैकीं कशाचीच खूण पत्र्यावर राहिली नाहीं. भर दिवसाचा तो रस्ता चित्रांत ओसाड दिसतो. मात्र एका कोपऱ्यांत एक मनुष्य उभा आहे. तो आपले जोडे साफ करून घेत होता. एक पाय टेकवून तो बराच वेळ निश्चल राहिला, म्हणून त्याची आकृति उमटली. त्याच्या पायाशीं बसलेला जोडे पुसणारा माणूसहि अस्पष्ट असा दिसतो. हात हलत होते, म्हणून तो अस्पष्ट ! मनुष्याकृति असलेलें उपलब्ध असें सर्वांत जुनें छायाचित्र म्हणून हें चित्र आज सर्वत्र मानलें जातें. म्हणजे छायाचित्रांत प्रथम अवतरलेलीं माणसें राजे-महाराजे नव्हत. रस्त्यावरचा एक वाटसरू आणि त्याचे जोडे पुसणारा एक मजूर. आणि दोघांचींहि नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. शेवटीं तिच्याकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

ही कला आपल्या देशांतहि फार उशिरा आली असें नाहीं. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रणप्रेमी मंडळींची एक संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं होते. पुढें १८८८ सालीं कोडॅक कॅमेरा, १९०० सालीं मुलांच्या हातीं देण्याजोगा एक डॉलर किंमतीचा ब्राउनी कॅमेरा, आणि १९२५ सालीं खिशांत मावणारा जर्मनीचा लायका कॅमेरा बाजारांत आला. आणि जी विद्या धंदेवाईक माणसांच्या तिकाटण्यावर उभी होती, ती पायीं चालूं लागली.

या पायीं चालणाऱ्या विद्येच्या दोन उपासिका मला विशेष प्रिय आहेत. एक आपल्याकडच्या होमाई व्यारावाला. नवसारीस १९१३ सालीं जन्मलेल्या या बाईंनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिक्षण घेतलें आणि मुंबईच्या सामान्य जीवनाचीं चित्रें काढण्यास आरंभ केला. सुरुवातीस तीं चित्रें त्यांचे पति माणेकशा यांच्या नांवानें छापलीं जात. पुढें हिंदुस्थानांतील पहिल्या वृत्तपत्र-छायाचित्रकार स्त्री म्हणून त्यांची कीर्ति झाली. परंतु १९७० सालीं त्यांनीं कॅमेरा खालीं ठेविला. नव्या पिढीच्या छायाचित्रकारांत सभ्यता उरली नाहीं, याची खंत हें त्याचें एक कारण असल्याचें त्या सांगत. दुसरी बाई अमेरिकेंतील व्हिव्हियन मायर. शिकागो शहरांत लोकांचीं मुलें सांभाळून ती पोट भरी, आणि सवड सांपडेल तेव्हां रस्त्यांवरून चित्रें काढी. एक लाखाहून अधिक चित्रें तिनें काढिलीं. कित्येक फिती तर धुतल्यासुद्धां नाहींत. तीं चित्रें तिनें जवळजवळ कोणासच दाखविलीं नाहींत. २००७ सालीं भाडें थकल्यामुळें तिच्या सामानाचा लिलांव झाला, तेव्हां तीं उजेडांत आलीं. आणि २००९ सालीं, कीर्ति दारांत पोंचण्यापूर्वींच, ती वारली. मान नाहीं, पैसा नाहीं, वाहवा नाहीं. केवळ पाहण्याच्या आवडीनें जन्मभर चाललेला हा उद्योग. निर्भेळ छंद म्हणतात तो हाच.

आतां पहिला आक्षेप. यांत वेळ फुकट जातो काय ? मला तसें वाटत नाहीं. आपण रस्त्यानें रोज जातों, पण रस्ता पाहत नाहीं. शाळेच्या वाटेवरील चांभाराच्या पेटीस किती खण आहेत, फुलवाली गजरा करतांना दोरा कोणत्या बोटांत धरते, दुपारीं बारा वाजतां कोणत्या इमारतीची सावली रस्त्याच्या कोणत्या बाजूस पडते, हें विचारिलें तर आपल्यांतील किती जण सांगूं शकतील ? कॅमेरा हातीं घेऊन एक महिना त्याच रस्त्यावर हिंडणारा मुलगा हें सर्व सांगूं शकतो. प्रकाश ही केवळ पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील वस्तु नसून ती सकाळीं तिरपी, सोनेरी व मऊ असते आणि दुपारीं डोक्यावरून पडून डोळ्यांच्या खोबणींत काळे डाग पाडते, हें त्यास अनुभवानें कळतें. धीर धरणें हाहि एक अभ्यासच आहे. चांगल्या चित्रासाठीं एका कोपऱ्यावर तासभर उभें राहिलेला विद्यार्थी गणिताच्या अवघड उदाहरणापुढेंहि थोडा अधिक वेळ बसतो, असें मीं पाहिलें आहे.

ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठीं चार व्यावहारिक सूचना येथेंच देतों. महाग कॅमेरा घेऊं नका; घरांतील मोबाइल पुष्कळ झाला. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वींचा एक तास साधा. पूर्वीं फितीच्या एका गुंडाळींत छत्तीस चित्रें बसत आणि प्रत्येकास पैसे पडत, म्हणून माणूस विचार करून बटण दाबी; आज तीनशें चित्रें फुकट निघतात आणि त्यांतलें एकहि पाहिलेलें नसतें. तेव्हां एका सकाळीं छत्तीसच चित्रें काढावयाचीं, हा नियम स्वतःस घालून घ्या. आधीं चांगली पार्श्वभूमि शोधा, एखादी रंग उडालेली भिंत किंवा उन्हाचा एक पट्टा, आणि मग माणूस आपोआप तेथें येईपर्यंत थांबा. कॅमेऱ्यावर आंकडे बदलतां येत असतील तर भर उजेडांत छिद्राचा आंकडा आठ, वेग सेकंदाचा अडीचशेंवा भाग आणि नजरेचें अंतर आठ फूट असें ठरवून ठेवावें; म्हणजे ऐन वेळीं यंत्राशीं खटपट करावी लागत नाहीं. आणि दुरून भिंगानें ओढून घेतलेल्या चित्रापेक्षां चार पावलें जवळ जाऊन घेतलेलें चित्र बहुधा चांगलें येतें. याचें कारण केवळ भिंगांत नाहीं. जवळ जाणारा माणूस स्वतःहि समोरच्यास दिसतो. लपून राहणें त्यास शक्य नसतें.

येथें आपण दुसऱ्या आक्षेपाशीं येऊन पोंचलों. लपणें हें या कलेच्या मुळांतच आहे, हें तिच्या थोर आचार्यांनींहि नाकारिलेलें नाहीं. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे कॅमेऱ्याचा चकचकीत भाग काळ्या पट्टीनें झांकून हिंडत. त्यांचा १९५२ सालचा गाजलेला ग्रंथ इंग्रजींत 'निर्णायक क्षण' अशा अर्थाच्या नांवानें ओळखला जातो; परंतु फ्रेंच नांवाचा रोख निराळा आहे. परवान्यावांचून रस्त्यावर माल मांडावा आणि शिपाई दिसतांच गाशा गुंडाळून पळावें, अशा फेरीवाल्याची जी चोरटी घाई, ती त्या नांवांत आहे. तेव्हां 'चोरी' हा शब्द केवळ रुष्ट पालकांचाच आहे असें नाहीं.

हा वाद जुना आहे. कोडॅक बाजारांत येऊन दोनच वर्षें झालीं होतीं, तोंच १८९० सालीं अमेरिकेंत वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन कायदेपंडितांनीं माणसाच्या खासगीपणाच्या हक्कावर आपला प्रसिद्ध लेख लिहिला. त्यांत क्षणांत घेतल्या जाणाऱ्या छायाचित्रांविषयीं स्पष्ट तक्रार आहे. आपल्याकडे २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २४ तारखेस सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमुखानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क होय. त्या निर्णयाचा विषय रस्त्यावरील कॅमेरा हा नव्हता, हें खरें. पण माणसाची प्रतिष्ठा घराच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकतांच संपत नाहीं, इतका बोध तर आपण त्यांतून घेऊं शकतों.

मात्र माझ्या मतें खरा धोका कायद्याच्या पुस्तकांत नसून चित्र घेणाराच्या मनांत आहे. १८६८ ते १८७५ या काळांत इंग्रज सरकारच्या आश्रयानें हिंदुस्थानांतील लोकांच्या छायाचित्रांचे आठ मोठे खंड लंडनांत प्रसिद्ध झाले. त्यांत शेंकडों चेहरे आहेत. पण बहुतेक चित्रांखालीं माणसाचें नांव नाहीं, त्याच्या जातीचें वा जमातीचें नांव आहे. समोर बसलेला मनुष्य हा कोणाचा बाप, कोणाचा मुलगा, याच्याशीं पाहणारास कर्तव्य नव्हतें. त्यास नमुना पाहिजे होता. आज आपण स्वतंत्र देशाचे नागरिक आहों. तरीहि कॅमेरा घेऊन बाजारांत जातांना आपल्या मनांत काय असतें ? 'एखादा म्हातारा भिकारी सांपडला तर बरें', 'सुरकुतलेली भाजीवाली मिळाली पाहिजे', 'घामानें डबडबलेला हमाल हवा.' हेहि नमुनेच नव्हेत काय ?

हें मी दुसऱ्यांस हिणविण्यासाठीं लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या अखेरीस मी पहाटे पुण्याच्या महात्मा फुले मंडईंत गेलों होतों. बाहेरच्या अंगास एका हातगाडीवर एक वृद्ध हमाल अंग आंखडून निजला होता. अंगावर बारदान, उशाशीं हात, भोंवतीं फ्लॉवरच्या पाल्याचा हिरवा ढीग, आणि नेमका त्याच्या कपाळावर उन्हाचा एक कवडसा. माझें भाग्य उजळलें असें मला वाटलें. पावलांचा आवाज न होऊं देतां मीं तीन चित्रें घेतलीं आणि निघून आलों. पुढें एका हौशी मंडळाच्या प्रदर्शनांत 'श्रमांतीं विश्रांति' या नांवानें तें चित्र मांडलें गेलें, आणि त्याची बरीच तारीफ झाली.

दोन महिन्यांनीं मी पुन्हां मंडईंत गेलों, तेव्हां त्या जागेसमोर बसणाऱ्या एका भाजीवाल्या मावशींस मीं तें चित्र मोठ्या कौतुकानें दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून पाहिलें, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "दादा, मामा झोपले नव्हते हो. तापानं फणफणले होते. दुपारी आम्ही तिघीजणींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं." मग क्षणभर थांबून त्यांनीं विचारिलें, "म्हणजे तुम्ही तेव्हां इथंच होतात ?"

त्या प्रश्नांत राग नव्हता. मावशींस खरोखरच कळेना कीं, इतक्या जवळ उभ्या असलेल्या माणसास ताप कसा दिसला नाहीं. मला उन्हाचा कवडसा दिसला होता, पाल्याचा हिरवा रंग दिसला होता. त्याच कपाळावरचा घाम मात्र मीं सौंदर्यांत जमा केला होता. आणि वर चित्रास विश्रांतीचें नांव देऊन मीं जगास एक खोटी गोष्टहि सांगितली होती.

आमच्या शाळेंत शास्त्राच्या तासास ऐकलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मला त्या दिवशीं आठवली. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर लुटला गेलेला एक मनुष्य अर्धमेला पडला आहे. याजक त्यास पाहतो व दुसऱ्या बाजूनें निघून जातो. लेवीहि पाहतो व तसाच जातो. शोमरोनीहि पाहतोच. तिघांच्याहि डोळ्यांत दोष नव्हता. फरक पुढच्या पावलांत होता. लहानपणीं मला वाटे कीं, आपण त्या वाटेवर असतों तर खचित थांबलों असतों. मंडईंत मी थांबलोंहि होतों. पण तीन चित्रें काढण्यापुरताच!

पुढें मामा बरे होऊन कामावर आल्याचें कळलें, तेव्हां मी चित्राची प्रत घेऊन गेलों, घडलें तें त्यांस सांगितलें आणि क्षमा मागितली. क्षमेविषयीं ते कांहींच बोलले नाहींत. चित्र मात्र त्यांनीं बराच वेळ न्याहाळलें आणि म्हणाले, "हा मी न्हाई. डोईला मुंडासं न्हाई, अंगावर बारदान. घरी पोरींनी बघितलं तर काय म्हनत्याल ? एक नीट काढा." मग त्यांनीं मुंडासें झटकून नव्यानें बांधलें, सदऱ्यावर बिल्ला सारखा केला, आणि हातगाडीच्या दांड्यावर हात ठेवून छाती काढून उभे राहिले. भर दुपारची वेळ; ऊन कडक, मागें प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग. कोणत्याहि प्रदर्शनांत तें चित्र कोणी घेणार नाहीं. पण त्याची मोठी प्रत नेऊन दिली तेव्हां मामांनीं ती पंचांत गुंडाळून घरीं नेली. पहिलें चित्र मीं पुन्हां कोठेंहि मांडिलें नाहीं.

यावर एखादा कलाप्रेमी विद्यार्थी म्हणेल, "प्रत्येकास आधीं विचारीत बसलों तर सगळेच छाती काढून उभे राहतील, मग जीवनाचें सहज चित्र कसें मिळावयाचें?" हा प्रश्न रास्त आहे. सहजतेचें मोल मला मान्य आहे. शंभर वर्षांपूर्वींचे लोक कसे चालत, कसे हंसत, रस्त्यावर काय खात, हें आज आपणांस दिसतें तें अशाच न विचारतां घेतलेल्या चित्रांमुळें. परंतु आधीं विचारण्याची वेळ गेली म्हणून नंतर विचारण्याची वेळ जात नाहीं. चित्र घ्या आणि पळूं नका. समोर जा, दाखवा, दोन शब्द बोला. मनुष्य हंसला तर उत्तम. 'नको' म्हणाला तर त्याच्यादेखत तें पुसून टाका. जो असें करण्यास तयार आहे तो चोर नव्हे. त्यानें उसनें घेतलें आहे, आणि फेडण्याची त्याची नियत आहे. जो पळतो, त्याच्यासाठीं मात्र पालकांचा शब्दच योग्य आहे.

याखेरीज कांहीं पथ्यें मी स्वतः पाळतों, तीं सांगतों. निजलेला, आजारी, रडणारा, भीक मागणारा, उघड्यावर स्नान करणारा, असा जो आपल्याला 'नको' म्हणूं शकत नाहीं किंवा ज्यास तसें म्हणण्याची लाज वाटेल, त्याचें चित्र घेऊं नये. लहान मुलाचें चित्र त्याच्या आईबापांस विचारल्याखेरीज घेऊं नये. चित्राखालीं आपणांस ठाऊक नसलेली गोष्ट लिहूं नये. 'दुःखी', 'समाधानी', 'विश्रांति' हीं विशेषणें आपण चिकटवितों, आणि तीं आयुष्यभर दुसऱ्यास चिकटतात. घरच्या संग्रहांत ठेवलेलें चित्र आणि मोबाइलवरून हजारों अनोळखी लोकांपुढें सोडलेलें चित्र, या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. दुसरी करण्यापूर्वीं 'या जागीं माझी आई असती तर?' असें स्वतःस विचारावें. आणि शक्य असेल तेथें एक प्रत कागदावर छापून त्या माणसास नेऊन द्यावी. लहान प्रतीस फार थोडे पैसे पडतात. पण ती द्यावयास जो एकदां परत जातो, त्यास त्या रस्त्यावर एक ओळखीचें माणूस मिळतें.

पालकवर्गास माझी नम्र विनंति आहे कीं, मुलांस या छंदापासून परावृत्त करूं नये. एखाद्या रविवारीं त्यांच्याबरोबर आपणहि जावें. मूल घरीं आलें म्हणजे 'किती चित्रें काढलींस ?' असें विचारण्याऐवजीं 'हे कोण ? यांच्याशीं काय बोललास ?' असें विचारावें. या एका प्रश्नानें छंदास आपोआप शिस्त लागेल. ज्या मुलास आपल्या चित्रांतील माणसांचीं नांवें सांगतां येतात, त्याच्याविषयीं काळजी करण्याचें कारण नाहीं.

दागेरच्या खिडकीखालीं रस्त्याच्या कोपऱ्यावर बसून जोडे पुसणारा तो माणूस दिवस मावळतांच आपली पेटी उचलून घरीं गेला असेल. आपण जगाच्या इतिहासांत उमटलों आहों, हें त्यास कोणी जाऊन सांगितलें नसावें; त्याचें नांवहि कोणी टिपून ठेविलें नाहीं. दागेरची खिडकी उंच होती. आपण तर रस्त्यावरच उभे आहों, आणि समोरचा माणूस चार पावलांवर आहे. तेव्हां बटण दाबून झालें कीं तेवढीं चार पावलें चाला, आणि त्याचें नांव विचारा.